‘व्हिन कुठला?’ : पडून राहिलेली स्पोर्ट्स कार पुण्यात घेताना

शोरूममध्ये शिरल्यावर रंग, सनरूफ आणि स्पीकरवर बोलणं सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारून घ्या: “व्हिन कुठला आहे?” व्हिन म्हणजे १७ अक्षरांचा चॅसी नंबर. धंद्याच्या बोलीत मात्र ‘चोवीसचा व्हिन’ म्हणजे २०२४ साली बांधलेली गाडी. हा प्रश्न आला की समोरचा सेल्स कन्सल्टंट ओळखतो, गिऱ्हाईक तयारीनं आलंय. त्यानंतरचं बोलणं जरा सरळ होतं.

जोरदार इंजिनाच्या गाड्या रोजच्या हॅचबॅकसारख्या खपत नाहीत. चाकणला बनणारी दीड लिटर टर्बोची फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया असो, नाहीतर परदेशातून मोजक्या संख्येनं येणारी फोक्सवॅगनची जीटीआय, गिऱ्हाईक थोडं आणि चिकित्सक. बुकिंग फिरलं, कर्ज मंजूर झालं नाही, पिवळा रंग बायकोला आवडला नाही, की गाडी यार्डात बसते. मोठं उदाहरण २०१६ च्या शेवटी आलेल्या पोलो जीटीआयचं. ९९ गाड्या, तीन दारं, १.८ लिटर टर्बो, १९२ पीएस आणि एक्स-शोरूम भाव २५ लाखांच्या वर. पुढच्या वर्षी तीच गाडी १९.९९ लाखांना मिळत होती. पहिल्या महिन्यात घेणाऱ्यांनी काय म्हटलं असेल, ते इथं छापण्यासारखं नाही.

आधी गाडीचं वय काढा

जागतिक पद्धतीप्रमाणे चॅसी नंबरातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. पण यात दोन खाचा आहेत. इथल्या काही कंपन्या महिना-वर्षाची अक्षरं वेगळ्या जागी टाकतात. आणि आयात गाडीत दहावं अक्षर ‘मॉडेल वर्ष’ दाखवतं, ते कारखान्यातल्या कॅलेंडरच्या पुढे असू शकतं. म्हणून अक्षरावरून फक्त अंदाज बांधायचा. पक्की माहिती फॉर्म २१ मध्ये, म्हणजे विक्री प्रमाणपत्रात मिळते. त्यात बांधणीचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं, आणि तेच पुढे आरसीवर येतं. फॉर्म २१ विक्रीच्या वेळी बनतो, तोवर थांबू नका. कंपनीने डीलरला पाठवलेल्या बिलाची तारीख सिस्टीमवर दाखवायला सांगा. ‘दाखवता येत नाही’ असं उत्तर आलं, तर गाडी जुनी आहे असं धरून चाला.

टायरवरही पुरावा असतो. बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. गाडी या तारखेच्या आधीची असू शकत नाही, चारही टायर मूळचे असतील तर. एका टायरचा आठवडा बाकी तिघांपेक्षा वर्षभर पुढचा दिसला, तर तो का बदलला हे विचारा. काचांच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यांचंही तसंच. एका काचेची खूण वेगळी म्हणजे ती काच बदललेली.

बांधणीचं साल एवढं महत्त्वाचं का? पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरचा आरसीवरचं साल बघूनच भाव पाडेल. तुम्ही जानेवारी २०२६ मध्ये घेतलेली २०२४ ची गाडी त्याच्या लेखी २०२४ चीच.

भाव कसा तुटतो

डीलर गाडी कंपनीकडून पैसे भरून उचलतो, आणि ते पैसे बहुधा बँकेचे असतात. समजा एका गाडीत त्याचे ६० लाख अडकलेत आणि व्याज १० टक्के आहे. वर्षाला सहा लाख, महिन्याला ५०,००० रुपये. आठ महिने उभ्या गाडीने त्याचे चार लाख नुसत्या व्याजात खाल्ले. डीलरांची ‘एफएडीए’ ही संघटना तीन आठवड्यांचा, म्हणजे २१ दिवसांचा साठा बरा मानते. २०२४ च्या सणांआधी देशभरात तो ८० दिवसांवर गेला होता. हा हिशेब कागदावर मांडून सेल्स मॅनेजरसमोर बसा. आवाज चढवायची गरज नाही. “गाडी मार्चमध्ये आलीय, आज नोव्हेंबर आहे, तुमचं व्याज किती गेलं ते तुम्हालाच माहीत,” एवढं वाक्य पुरतं. कन्सल्टंटच्या हातात ठरावीक सूट असते. त्यापुढचा आकडा मॅनेजर किंवा थेट मालक देतो, म्हणून शेवटची बोलणी त्यांच्याशीच करा.

आमचं ढोबळ माप असं: मागच्या सालचा व्हिन असेल तर एक्स-शोरूमवर ८ ते १० टक्के रोख सूट मिळायलाच हवी. दोन सालं मागचा असेल तर १५ च्या खाली बोलणं ठेवू नका. नवं रूप किंवा नवं इंजिन जाहीर झालं असेल तर आणखी थोडं. आठ-दहा वर्षं गाडी ठेवणार असाल तर सालाचा तोटा फिका पडतो. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर यंदाचीच गाडी घ्या.

सूट म्हणजे रोख सूट. एक्स्चेंज बोनस, लॉयल्टी, कॉर्पोरेट सवलत हे प्रत्येकाला लागू होत नाही. त्यामुळे ‘एकूण फायदा साडेतीन लाख’ असं ऐकलं की प्रत्येक ओळ वेगळी लिहून घ्या. ‘७०,००० च्या ॲक्सेसरीज फुकट’ यातली खरी किंमत निम्मीसुद्धा नसते. सिरॅमिक कोटिंग शोरूमच्या नावावर घेऊ नका. तेच काम बाहेरचा डिटेलिंगवाला दर सांगून, तुमच्यासमोर करतो.

एक फसगत ताजी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी आला. त्याआधी चार मीटरपेक्षा लांब सेडानवर इंजिन १,५०० सीसीपर्यंत असेल तर एकूण ४५ टक्के आणि त्यावर असेल तर ४८ टक्के कर होता. १४५ चे १४० झाले म्हणजे भाव साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरायला हवा. १४८ चे १४० म्हणजे जवळजवळ साडेपाच टक्के. आता त्या तारखेआधी बांधलेल्या गाडीवर जुनी किंमत दाखवून कुणी ‘पाच टक्के सूट’ देत असेल, तर तो सरकारने दिलेलीच सवलत तुम्हाला विकतोय. कंपनीची आजची एक्स-शोरूम किंमत घ्या आणि सूट तिथून मोजा.

ऑन-रोड भावात काय काय असतं ते एकदा हाताने मांडा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. ७५ लाखांच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर ९.७५ लाख आणि कंपनीच्या नावावर १५ लाख, सव्वापाच लाखांचा फरक. ‘कंपनीच्या खर्चात टाकू’ म्हणणाऱ्यांनी हे आधी सीएला विचारावं. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० वरून ३० लाख झाली. आयात गाडीला कोणता दर लावलाय ते कोटेशनमध्ये वेगळं लिहून मागा. सूट मिळाली म्हणून कर आपोआप कमी होईल असंही धरू नका, तो कोणत्या रकमेवर काढलाय ते विचारा.

१० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने विक्रीवेळीच गोळा केलेला आयकर, लागतो. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त पॅन बरोबर द्या. आरटीओची नोंदणी फी ६०० रुपये, आयात गाडीला ५,०००. कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. एवढी किरकोळ फी असताना ‘आरटीओ व इतर खर्च २५,०००’ अशी ओळ दिसली तर तिथं बोट ठेवा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ काट मारण्यासाठीच असते. तुम्ही ती काढायला सांगता की नाही, एवढंच ते बघतात.

इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक, १,५०० सीसीवरच्या इंजिनाला त्याचा ठरलेला दर २४,५९६ रुपये अधिक जीएसटी. बाकीचा भाग, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारं कवच), इंजिन संरक्षण, यात बाहेरचा आणि शोरूमचा आकडा खूप वेगळा येतो. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर दाखवलं की शोरूमचा विमा त्याच दुपारी स्वस्त होतो. पुण्यातल्या पावसात अंडरपासचं पाणी इंजिनात जातं, त्यामुळे इंजिन संरक्षण सोडू नका. मागच्या सालच्या गाडीला रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाएवढी भरपाई देणारं कवच, घेताना बिलावरची रक्कम, म्हणजे सूट वजा जाता उरलेली, हीच तुमची हद्द असेल हे ध्यानात ठेवा.

कधी जायचं

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. या दिवशी डिलिव्हरीसाठी रांग असते, म्हणून भाव वाकत नाही. पितृपक्षात मात्र भाद्रपद वद्य पंधरवडाभर शोरूममध्ये माणूस फिरकत नाही. एसी चालू, चहा तयार, गिऱ्हाईक नाही, आणि मॅनेजरला महिन्याचं टार्गेट तर आहेच. भाव याच दिवसांत ठरवायचा आणि लेखी घ्यायचा. घरचे ऐकत नसतील तर बुकिंगची पावती सर्वपित्री अमावस्या उलटल्यावर फाडा आणि गाडी दसऱ्याला आणा, सूट तीच राहते. अधिक मास आणि पौष यांचंही हेच.

दुसरी वेळ डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि त्याहून जास्त जानेवारीचे पहिले पंधरा दिवस. ३१ डिसेंबरला न विकलेली गाडी एका रात्रीत ‘मागच्या वर्षाची’ होते. तिसरी वेळ मार्चअखेर. आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार घ्या, कारण रविवारी बाणेर-वाकडच्या शोरूममध्ये तुमच्याशी नीट बोलायलाही कुणाला सवड नसते. पुण्यात पटलं नाही तर नाशिक, कोल्हापूर, मुंबईच्या डीलरांचा साठा विचारा. राज्याचा कर एकच आहे, त्यामुळे फरक थेट सवलतीत दिसतो.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाला बाणेर रोडवर एक यू-टर्न मारून १० मिनिटांत परत आणतो. त्यात स्पोर्ट्स कार कळत नाही. फोनवरच सांगून ठेवा: अर्धा तास हवा, गाडी थंड हवी, आणि जी घेणार तेच इंजिन, तेच गिअरबॉक्स, तोच चाकाचा आकार हवा. १७ इंची चाकावर चालवून १९ इंची घेतली, की पहिल्याच खड्ड्यात चूक कळते.

निघण्याआधी फॉर्मवर सही मागतात. तो वाचा. अपघात झाला तर विम्यातून न मिळालेली रक्कम कोण भरणार, ही ओळ त्यात असते. मूळ लायसन्स सोबत ठेवा.

रस्ता असा निवडा. आधी गर्दी: विद्यापीठ चौक ते शिवाजीनगर, संध्याकाळी. ड्युअल क्लच (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घासत चालतो तेव्हा झटके देतो का, चढावर मागे सरकतो का, हे तिथेच कळतं. दहा-पंधरा मिनिटं असं रखडल्यावर गिअर बदलण्यात फरक पडतो का पाहा. मग मोकळा तुकडा: ६० च्या वेगाने, आरशात मागे कुणी नाही हे बघून, ब्रेक जोरात दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे आणि स्टिअरिंग थरथरता कामा नये. काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचा आवाज ऐका. चौड्या, कडक टायरचा आवाज डांबरावर लपतो आणि काँक्रीटवर कान खातो. नवले पुलाच्या उतारावर वेग बघायला जाऊ नका. त्या उताराची अपघातांची कीर्ती तुम्हाला माहीत आहे.

स्पीड ब्रेकरची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. नियमाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्या सोसायटीबाहेरचा कुणी फूटपट्टी न लावता केलेला असतो. म्हणून गाडी थेट तुमच्या सोसायटीत न्या, मागे दोन माणसं बसवा आणि बेसमेंटच्या उतारावरून खाली-वर करा. पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासला तर तिथेच कळेल. तिरकी घालून निघत असेल तर रोज तशी घालायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा.

टेस्ट ड्राइव्हची गाडीच विकत घ्या असा प्रस्ताव वर्षाच्या शेवटी येतो. ती डीलरच्या नावावर नोंदलेली असते, म्हणजे तुम्ही दुसरे मालक, आणि वॉरंटी तिच्या नोंदणीपासून सुरू झालेली. रोड टॅक्स भरलेला असतो, हा फायदा. पण शंभर अनोळखी पायांनी थंड इंजिनावर फुल ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. वीस टक्क्यांच्या खाली सूट असेल तर ती गाडी घेण्यात अर्थ नाही. टायर आणि ब्रेक डिस्क नवीन बसवून घ्यायची अट वेगळी घाला.

यार्डात जा

तुमच्या नावाने राखलेली गाडी चाकण, मोशी किंवा वाघोलीकडच्या यार्डात उभी असेल. ती दिवसाउजेडी, धुण्याआधी पाहा. आणि हे नोंदणीच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी तुमची, मग तक्रारींना फक्त ‘सर्व्हिसला या’ एवढंच उत्तर मिळतं.

बॅटरीपासून सुरुवात करा. दोनशे रुपयांचा मल्टिमीटर सोबत न्या. गाडी कुलूप लावून तासभर शांत ठेवा, मग बॅटरीच्या दोन टोकांवर वाचन घ्या. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर ठीक. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज उतरलाय. १२ च्या आसपास आली असेल तर ती बहुधा यार्डात निदान एकदा मेलेली आहे आणि केबल लावून उठवलीय. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीची एजीएम बॅटरी महाग असते आणि पूर्ण उतरून पडून राहिली की प्लेटवर सल्फेट बसून तिचा जीव कमी होतो. चार्ज करून दिलेली घेऊ नका, नवी मागा आणि बदलल्याचं बिल सोबत ठेवा.

टायर एका जागी महिनोन्‌महिने दबून राहिले की खाली सपाट डाग पडतो. गाडी चालवून पाहा: ६० ते ८० च्या वेगात थरथर आली आणि १५-२० किलोमीटरनंतर गेली तर डाग तात्पुरता होता. गेली नाही तर टायर बदलून मागा. ब्रेक डिस्कवरचा पातळ गंज पाच-सहा ब्रेकांत जातो. पॅडच्या आकाराचा काळा ठसा डिस्कवर उमटला असेल तर तो पुढे ब्रेक लावताना पायाला जाणवत राहतो.

ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढतं आणि साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. गाडी दीड वर्ष उभी असेल तर ते आयुष्य जवळजवळ संपलंय, डिलिव्हरीआधी बदलून मागा. इंजिन ऑइल आणि टाकीतलं जुनं पेट्रोलही. २०२३ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर ती ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालते का, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

पुण्याचा पावसाळा यार्डात चार महिने राहतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाणी शिरल्याची मातीची रेघ आहे का बघा. हा भाग कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा, सीटच्या रुळांवर गंज शोधा, कार्पेट उचलून वास घ्या. बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्या किंवा कुरतडलेलं इन्सुलेशन दिसलं तर ती गाडी सोडून द्या. वायरिंगची दुरुस्ती वर्षभर त्रास देते. रंगाची जाडी मोजायचं यंत्र डिटेलिंगवाल्याकडे असतं. कारखान्याचा रंग बहुधा ९० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर २०० च्या वर गेला तर ट्रेलरवरून उतरवताना कुठेतरी ठोकून रंगवलंय. मीटरवर दीडशे किलोमीटरच्या वर असतील तर त्याचाही खुलासा मागा.

पैसे आणि डिलिव्हरी

बुकिंगची रक्कम डीलरच्या कंपनी खात्यात भरा, कन्सल्टंटच्या यूपीआयवर कधीच नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं कायद्याने चालत नाही. पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: चॅसी नंबर, ठरलेली रोख सूट, आणि तपासणीत गाडी नापसंत झाली तर पूर्ण परतावा. उरलेले पैसे यार्डातली तपासणी झाल्यावर, आणि त्यानंतरच विमा आणि आरटीओ. पत्त्याप्रमाणे एमएच-१२ किंवा एमएच-१४ नंबर पडतो. एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षित नंबर पाटी, गाडीच्या किमतीतच असते, तिचे वेगळे पैसे देऊ नका.

डिलिव्हरीच्या दिवशी पेढे आणि फोटोंच्या गडबडीत दोन कामं राहतात. पहिलं, वॉरंटी सिस्टीममध्ये आजच्या तारखेपासून चालू झालीय का, ते स्क्रीनवर बघा. आकडे भरायला म्हणून गाडी कधीकधी आधीच ‘विकलेली’ दाखवलेली असते, आणि मग तुमचे तीन-चार महिने परस्पर गेलेले असतात. दुसरं, टायरची हवा. ट्रेलरवर आणि यार्डात डाग पडू नयेत म्हणून ती ४५-५० पीएसआयपर्यंत भरलेली असते आणि तशीच राहते. त्या हवेवर गाडी उडते, ब्रेकला घसरते, आणि लोक सस्पेन्शनला शिव्या देतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा पाहून शोरूममध्येच हवा उतरवून घ्या.